घाटमाथ्यावरचा हिरडा आणि आपली गिऱ्हाइकी

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर मागे टाकून नारायणगावच्या दिशेने निघाले की वाटेत कळंब लागते. आंबेगाव तालुक्यातील हे गाव प्रवाशाच्या ध्यानात राहते ते त्याच्या बागायती शिवारामुळे. ऊस, भाजीपाला, दूध आणि महामार्गावरून अहोरात्र होणारी मालवाहतूक यांवर या पट्ट्याची भरभराट उभी आहे. येथून पश्चिमेकडे वळले की घोडेगाव येते, त्यापुढे डिंभे धरण आणि त्याही पलीकडे भीमाशंकरचे डोंगर. तालुका एक, परंतु त्याचे संसार दोन. घोड नदीच्या खोऱ्यात खालच्या अंगाला पाणी खेळते. वर डोंगरात पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. ज्या आंबेगावचे नाव तालुका आजही मिरवतो, ते मूळ गाव डिंभ्याच्या जलाशयात बुडाले. डोंगरातील आदिवासींच्या जमिनीही त्या पाण्याखाली गेल्या आणि त्या पाण्यावर खालची शिवारे हिरवी झाली. कळंब, मंचर, नारायणगाव, जुन्नर या बाजारपेठांतील सुबत्तेचा विचार करताना हा हिशेब सहसा कोणाच्या मनात येत नाही.

या डोंगरात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांची वस्ती आहे. भात, नाचणी आणि वरई ही त्यांची पिके. घरात रोख पैसा येतो तो बऱ्याच अंशी हिरड्याचा. कोवळे फळ उन्हाळ्यात झाडावरून उतरवायचे, अंगणात किंवा कातळावर पसरून वाळवायचे, काळे पडून आखडले की गोणीत भरायचे, हाच बाळहिरडा. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागातील कुटुंबांसाठी पावसाळ्याच्या तोंडाशी हाती येणारी ही रक्कम फार मोलाची असते. बियाणे, खत, शाळेची वह्या-पुस्तके, आजारपण, एखादे लग्न, सारे तीवर अवलंबून. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा एका हंगामाचे नव्हे, पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न गेले. कारण हिरड्याचे झाड काही एका पावसात पुन्हा उभे राहत नाही.

जैन घरांना हिरडा नवा नाही. त्रिफळ्यातला तो एक घटक. पाणी प्रासुक करण्यासाठी लवंगेप्रमाणेच हिरड्याची पूड वापरण्याची रीत अनेक घरांत आहे. बाळांच्या गुटीतही तो उगाळला जातो. (रंगकाम आणि कातडी कमावणे या धंद्यांतही त्याची मोठी खपत आहे, ही गोष्ट अहिंसक गृहिणीला ठाऊक नसते, एवढेच.) म्हणजे ज्या डबीतील चिमूटभर पूड आपल्या पाण्यात पडते, तिच्या मुळाशी कोणा महादेव कोळी बाईने उन्हात वाळवलेले फळ असू शकते. त्या फळाचे तिला काय मिळाले, हा प्रश्न डबीवर छापलेला नसतो.

काय मिळते, हे समजण्यासाठी बाजाराची रीत पाहावी. गोणी डोंगरातून खाली आणायची तर गाडीभाडे लागते. बाजारात आल्यावर भाव ऐकून माल परत न्यायचा म्हटले, तर भाडे दुप्पट अंगावर येते. माल ओला आहे म्हणून वजनात कपात होते. फळ मोठे आहे म्हणून प्रत खाली जाते. हातात पैसा आजच हवा असतो आणि ते घेणाऱ्यालाही माहीत असते. शिवाय पूर्वी घेतलेली उचल असेल, तर भाव विचारण्याचीही सोय उरत नाही. या अडवणुकीतून सुटका व्हावी म्हणून १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाने एकाधिकार खरेदीचा प्रयोग केला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्कही वनवासी कुटुंबांना दिला. कायदा हक्क देतो. गिऱ्हाईक मात्र कायद्याने मिळत नाही.

या दोन तालुक्यांत व्यापार आणि डोंगर यांचे नाते नेहमीच गोड होते, असे म्हणता येणार नाही. जांभोरीच्या होन्या केंगले यांनी १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध बंड उभारले, ते याच आंबेगावच्या डोंगरात. त्याच सुमारास शेजारच्या शिरूर तालुक्यात कर्डे गावी एक निराळा प्रकार घडला. १८७४ च्या अखेरीस तेथील गावकऱ्यांनी मारवाडी सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांच्या शेतात राबायचे नाही, त्यांचे पाणी भरायचे नाही. पुढल्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. इतिहासात हे दख्खनचे दंगे म्हणून नोंदले गेले आणि त्यातून १८७९ चा शेतकरी साहाय्यक कायदा आला. त्या काळी सावकारी करणाऱ्या मारवाडी आणि गुजराती घरांत जैन घरेही होती, हे लपवण्याचे कारण नाही. दंगे सर्वांना आठवतात. कर्ड्याचा बहिष्कार विसरला गेला. वास्तविक तो अधिक विचार करण्याजोगा आहे. सामान्य माणसाच्या हातातील खरेदी ही केवढी शक्ती आहे, हे निरक्षर कुणब्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते. ती शक्ती त्यांनी कोणाला तरी हटवण्यासाठी वापरली. तीच एखाद्याला उभे करण्यासाठी वापरता येते काय?

या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत सुंदर उत्तर कोल्हापुरात मिळते. राजर्षी शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाले. त्याआधीच्या काही वर्षांतली ही गोष्ट. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या चाकरीतील दलित सेवक. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून वरच्या जातीच्या नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज परगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले, हे खरेच. पण त्यांची थोरवी त्यापुढच्या पावलात आहे. नोकरीत राहून रोज तोच अपमान सोसण्यापेक्षा स्वतःचा धंदा कर, असे त्यांनी गंगारामांना सांगितले आणि त्यासाठी साहाय्यही दिले. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. चहा चांगला होता आणि जागा स्वच्छ होती, परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना.

महाराजांनी तेव्हा वटहुकूम काढला नाही. हुकूम काढणे त्यांना कठीण नव्हते. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारे हे राजे. येथे मात्र त्यांनी सरळ गिऱ्हाइकाची भूमिका घेतली. फेरफटक्याला निघाले की गाडी गंगारामांच्या हॉटेलासमोर थांबवायची, चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचा. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? हळूहळू हॉटेल चालू लागले. व्यापाऱ्याच्या नजरेने या घटनेकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. भांडवलाचे साहाय्य एकदाच दिले गेले. नंतर पुन्हा पुन्हा दिली गेली ती गिऱ्हाइकी. दुकान भांडवलावर उघडते आणि रोजच्या गल्ल्यावर टिकते, हे दुकानदाराच्या घरात जन्मलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. देणगी घेणाऱ्याची मान खाली जाते. चहाचे पैसे घेणाऱ्याची जात नाही. उलट चहा पातळ झाला तर गिऱ्हाईक चार शब्द सुनावू शकते आणि दुकानदार ते ऐकून उद्या बरा चहा करू शकतो. बरोबरीचे नाते म्हणतात ते हेच.

जैन समाजाला या राजाचे ऋण वेगळे सांगायला नको. कोल्हापुरातील जैन वसतिगृहाला त्यांचा आश्रय होता, आणि त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे अण्णासाहेब लठ्ठे हे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी एक. त्याच वसतिगृहात काही काळ राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. या परंपरेचा अभिमान आपण सभा-संमेलनांतून बाळगतो. आपल्या खरेदीच्या यादीत तिचा मागमूस किती दिसतो, ही तपासणी मात्र घरातच करावी लागेल.

आकडे सांगतात की परिस्थिती फारशी पालटलेली नाही. २००५ च्या आर्थिक गणनेच्या आधारे अभ्यासकांनी काढलेल्या निष्कर्षानुसार देशातील उद्योग-व्यवसायांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे ९.८ टक्के होते, लोकसंख्येतील त्यांचा वाटा १६ टक्क्यांहून अधिक असताना. अनुसूचित जमातींच्या मालकीचे प्रमाण ३.७ टक्के, लोकसंख्येतील वाटा त्याच्या दुपटीहून जास्त. त्याच २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजेच डिक्की, ही संस्था स्थापन केली. नोकरी मागणारे न होता नोकरी देणारे व्हा, असा तिचा आग्रह. केंद्र सरकारने २०१२ पासून आपल्या खात्यांच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीपैकी चार टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घेण्याचे धोरण आखले. प्रत्यक्षातील खरेदी या चार टक्क्यांच्या बरीच खाली राहिली आहे. सरकारसारखे बलाढ्य गिऱ्हाईक ठरवूनही जर कमी पडते, तर त्याचे कारण केवळ अनास्था नसते. पुरवठादार शोधावा लागतो, त्याला वेळेवर पैसे द्यावे लागतात आणि पहिली मागणी लहान ठेवून त्याला वाढू द्यावे लागते. कोणताही जाणता व्यापारी नव्या पुरवठादाराशी असेच वागतो.

हीच अडचण सातासमुद्रापलीकडे एका कुटुंबाला आली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तेव्हापासून तेथील कृष्णवर्णीयांचा लढा महाराष्ट्राला परका नाही. शिकागोजवळील ओक पार्क येथे राहणाऱ्या मॅगी आणि जॉन अँडरसन या कृष्णवर्णीय दांपत्याने २००९ हे वर्षभर शक्यतो सर्व खरेदी कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या दुकानांतूनच करण्याचे ठरवले. निश्चय करणे सोपे गेले. दुकाने सापडेनात. किराणा-भाजीपाला घ्यायला त्यांना घरापासून दूरदूर जावे लागे. वस्ती कृष्णवर्णीयांची, गिऱ्हाईक कृष्णवर्णीय, आणि दुकानाचा मालक बाहेरचा, असे चित्र त्यांना ठिकठिकाणी दिसले. आपल्या डोंगरातील पाड्यांवरही दुकान बहुधा असे बाहेरच्याचेच असते. पाड्यावरचा पैसा पाड्यावर एक दिवसही मुक्काम करत नाही. हिरड्याच्या गोणीबरोबर खाली येतो आणि खालीच राहतो.

आता जैन घरांतील खऱ्या अडसराकडे यावे. वस्तू घ्यायला हरकत नसते. हरकत येते ती अन्नाशी. आहारशुद्धीचे आपले नियम कडक आहेत. कंदमुळे नकोत, मध नको, रात्रीचे नको, पाणी गाळलेले हवे. हे नियम पाळण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे आणि कोणीही त्यासाठी संकोच मानू नये. परंतु नियम पदार्थाचे आहेत, हातांचे नाहीत. कांदा-लसणाविना, सूर्यास्तापूर्वी, गाळलेल्या पाण्यात केलेला पदार्थ दलित बाईने केला म्हणून अशुद्ध ठरत नाही. आणि मोठ्या आडनावाच्या हॉटेलात बटाटा घातलेला पदार्थ खाणाऱ्याने आहारशुद्धीचे नाव पुढे करू नये. उत्तराध्ययन सूत्रातील हरिकेशी मुनींची कथा आपल्या मुलांना पाठशाळेत शिकवली जाते. चांडाळकुळात जन्मलेल्या त्या मुनींना यज्ञमंडपातून हाकलणारे अखेर त्यांच्याच पायाशी आले. कथा सांगणे आणि पापड-मसाल्याची मागणी कोणाकडे नोंदवायची हे ठरवणे, या दोन्ही गोष्टी एकाच घरात, बहुधा एकाच दिवशी होतात.

अन्नाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी खरेदीची यादी मोठी आहे. धान्यातून आरंभ करता येईल. पश्चिम आंबेगाव-जुन्नरची नाचणी, उपवासाची वरई, हातसडीचा तांदूळ. यांत आहारनियमांची कोणतीच अडचण नाही. बांबूच्या सुपल्या, टोपल्या, परड्या बुरूड समाजाच्या हातच्या असतात आणि हा समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातींत मोडतो. येथे जुन्नरकरांनी आपल्याच लेण्यांकडे एकदा पाहावे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या तेथील शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. धर्मकार्यासाठी ठेवलेल्या रकमा या श्रेणींकडे गुंतवल्या जात. म्हणजे नाणेघाटातून माल चढत-उतरत होता त्या काळात बुरूड हा पतदार होता, लोक त्याच्याकडे विश्वासाने ठेव ठेवत. आज त्याच्याच वारसाची टोपली रस्त्याकडेला उन्हात पडलेली असते आणि दहा रुपयांसाठी घासाघीस होते. प्लास्टिकच्या टोपलीवर छापलेली किंमत मात्र आपण मुकाट्याने मोजतो.

घरापेक्षा पेढीची खरेदी कितीतरी मोठी, हे व्यापारी कुटुंबाने विसरू नये. गोण्या, खोकी, छपाई, टेम्पोचे भाडे, विजेची दुरुस्ती, गोदामाचे बांधकाम, कामगारांचे गणवेश, दिवाळीच्या भेटी, लग्नाचा मांडव, संघाच्या स्वामीवात्सल्यासाठी लागणाऱ्या पत्रावळी. यांतली प्रत्येक बाब कोणा ना कोणाकडून घेतलीच जाते. ती नेहमीच्या ओळखीतून घेतली जाते. ओळख ही जातीच्या वेशीपाशी थांबते, आणि तेथेच नव्या उद्योजकाची वाट अडते. आपल्याला गिऱ्हाईक सोडून जाईल या भीतीने अनेक दलित व्यावसायिक पाटीवर आडनाव लिहीत नाहीत. तेव्हा शोध आपल्यालाच घ्यावा लागतो. डिक्कीसारख्या संस्थांकडे विचारणा करता येते. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तेथे बचतगटांची माहिती मिळू शकते. आणि सर्वांत सोपे म्हणजे दुकानात वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाला विचारावे की त्याचा मुलगा काय करतो. तो मुलगा छपाईचे यंत्र घेऊन बसला असेल आणि मालकाच्या पत्रिका मात्र पुण्याला छापल्या जात असतील.

दर्जाविषयी तडजोड करण्याचे कारण नाही. वाईट माल दयेपोटी घेणे म्हणजे त्या माणसाला पुढच्या गिऱ्हाइकाकडून हाकलून लावणे होय. खोट दिसली तर सांगावी आणि दुसरी संधी द्यावी, जशी आपण आपल्या भाच्याच्या कारखान्याला देतो. उधारीचे मात्र नियम बदलावे लागतील. बाजारात नव्वद दिवसांची उधारी मोठ्या पेढीला पचते. ज्याच्या मागे भावकीचे भांडवल नाही, त्याला तीस दिवसही जड जातात. अशा पुरवठादाराला माल मिळताच पैसे देणे, हे त्याच्या मालाला चढा भाव देण्याहूनही अधिक उपयोगाचे ठरते.

आणि शेवटी जे दुकानदार स्वतः हिरडा, नाचणी, वरई विकत घेतात, त्यांच्याविषयी. मंचर-घोडेगाव-जुन्नरच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारी जैन कुटुंबे आहेत. घेणारा म्हणून त्यांची जबाबदारी कळंबच्या किंवा पुण्याच्या गृहिणीपेक्षा मोठी, कारण डोंगरातल्या मालाला पहिला भाव तेच देतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान हा एक आहे. घेताना जास्त आणि देताना कमी मापणे. व्रतभंग मोजण्याच्या कामी आचार्यांनी तराजूच निवडला, यावरून त्यांना आपला समाज किती चांगला ठाऊक होता ते दिसते. ओलाव्याची कपात करायची तर ती सर्वांना सारखी आणि आधी सांगून करावी. भाव फळ्यावर लिहावा. पावती द्यावी, वाचता येणाऱ्या अक्षरात. वाढत्या उन्हाबरोबर बाळहिरडा उतरू लागतो, आणि पावसाळ्यापूर्वी गोण्या खाली येतात. विजेचा काटा बहुतेक दुकानांत व्यापाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. तो गोणी आणणाऱ्या बाईला आकडा दिसेल असा फिरवायला फारसे काही लागत नाही.